२० बाइटचा बॅकअप: डेटाबेसचं लॉगिन अडतं आणि रात्रीचं काम गुपचूप बुडतं

डिचोलीकर · सोमवार, सकाळी ९:४०

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप बंद पडलाय. उबुंटू २२.०४, मायएसक्यूएल ८.०. पुस्तकांची नोंद आणि सभासदांची देवघेव एकाच डेटाबेसमध्ये आहे. स्क्रिप्ट जुनीच आहे: डम्प (डेटाबेसची मजकुराच्या रूपातली प्रत) काढायचा, जीझिपने दाबायचा, तारखेच्या नावाने ठेवायचा, ७ दिवसांहून जुनं पुसायचं. चवथीच्या तोंडावर ठरल्या वेळी काम सुरू करणारा जुना क्रॉन काढून त्याच कामासाठी सिस्टमडी टायमर लावला. सुट्टीनंतर फोल्डर उघडलं तर शेवटच्या पाच फाइली प्रत्येकी २० बाइटच्या.

सिस्टमडीच्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, रोज एकच ओळ: '१०४५ (२८०००): ॲक्सेस डिनाइड फॉर यूझर रूट@लोकलहोस्ट (यूझिंग पासवर्ड: नो)'.

डेटाबेसच्या 'रूट' या मुख्य यूझरला पासवर्ड आहे आणि तो लिनक्सच्या रूटच्या होम फोल्डरमधल्या '.माय.सीएनएफ' मध्ये लिहिलाय. 'सुडो -आय' करून (लिनक्सचा रूट होऊन) तीच स्क्रिप्ट हाताने चालवली की डम्प नीट निघतो. पासवर्ड कुणी बदललेला नाही. मग रात्रीच काय होतं?

रात्रपाळी · ९:५२

कारण नंतर शोधू. आधी स्क्रिप्टमधली जुन्या फाइली पुसणारी ओळ बंद करा, आत्ता. डम्प निघो न निघो, ती ओळ रोज इमानाने चालते. पाच रात्री वाया गेल्यात, म्हणजे चांगल्या फाइली दोन-तीनच उरल्या असतील आणि आज रात्री त्यातली सर्वांत जुनी जाईल. उरलेल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मग हाताने एक डम्प काढून तोही तिथेच ठेवा.

मांडवीकाठ · १०:१५

रात्रपाळींचं आधी करा, मग हे वाचा.

उत्तर त्या कंसातल्या 'नो' मध्ये आहे. 'यूझिंग पासवर्ड: येस' असतं तर पासवर्ड गेला पण जुळला नाही, किंवा त्या यूझर-होस्टच्या जोडीचं खातंच नाही, असा अर्थ झाला असता. 'नो' म्हणजे पासवर्ड पाठवलाच नाही. डेटाबेसला दोष देऊ नका, '.माय.सीएनएफ' वाचलीच गेलेली नाही.

का वाचली नाही? क्लायंट ती फाइल 'होम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून शोधतो. क्रॉन 'होम' भरून देतो. सिस्टमडीची सिस्टम सर्व्हिस मात्र युनिटमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'यूझर=' लिहिलेलं असेल तरच ते भरते. तुमच्या युनिटमध्ये ती ओळ नसणार. सर्व्हिस रूट म्हणून चालते, 'होम' रिकामं, फाइल सापडत नाही, आणि क्लायंट पासवर्डाशिवाय 'रूट' म्हणून दार ठोठावतो. हाताने 'सुडो -आय' केलं की 'होम' येतं, म्हणून सगळं सुरळीत दिसतं.

खात्री करायची तर 'सिस्टमडी-रन --पाइप --वेट एन्व्ह' चालवून बघा. टायमरच्या कामाला कोणतं वातावरण मिळतं ते डोळ्यांसमोर येईल.

तात्पुरता इलाज: डम्पच्या आदेशात '--डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल=' देऊन फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. हा पर्याय आदेशात सर्वांत पहिला हवा. दुसऱ्या क्रमांकावर गेला तरी अनोळखी पर्याय म्हणून काम थांबतं.

एकदा फाइल उघडून हेही बघा:

- शीर्षक '[क्लायंट]' किंवा '[मायएसक्यूएलडम्प]' हवं. '[मायएसक्यूएल]' खालचा पासवर्ड डम्पचा प्रोग्रॅम वाचत नाही. हाताने लॉगिन होतं आणि डम्प अडतो, त्यातले कितीतरी प्रसंग या एका शब्दाचे असतात.
- पासवर्डमध्ये '#' असेल तर तो अवतरणात घाला, नाहीतर तिथून पुढचा भाग टिप्पणी धरला जातो. अशा वेळी कंसात 'येस' येतं आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.
- परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. फाइल सगळ्यांना लिहिण्याजोगी असेल तर क्लायंट इशारा देऊन ती सोडून देतो.

सत्तरीचा_पाऊस · १०:४१

२० बाइटचा उलगडा राहिला. जीझिपला आत काहीच मिळालं नाही तरी तो नियमाप्रमाणे रिकामी फाइल बनवतो: १० बाइटचं डोकं, २ बाइटचा रिकामा मजकूर, ८ बाइटचं शेपूट. डम्प जोडणीच्या पायरीवरच मेला की नेमकी एवढीच फाइल उरते. तेव्हा बॅकअपच्या फोल्डरमध्ये २० हा आकडा दिसला की लॉगिन किंवा जोडणी बघायची.

पाइपलाइनचा, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या आदेशांच्या साखळीचा, निकाल शेवटच्या आदेशाचा धरला जातो. जीझिप यशस्वी, म्हणून स्क्रिप्ट यशस्वी, म्हणून सिस्टमडीच्या दृष्टीने सर्व्हिस हिरवी. स्क्रिप्टच्या वर 'सेट -ईयूओ पाइपफेल' लिहा, म्हणजे साखळीतला कुठलाही आदेश फसला तरी स्क्रिप्ट नापास ठरते. मात्र पहिली ओळ बॅशची हवी. उबुंटू २२.०४ वर '/बिन/एसएच' म्हणजे डॅश, आणि त्याला 'पाइपफेल' कळत नाही.

फाइल थेट शेवटच्या नावाने लिहू नका. आधी '.पार्ट' नावाने लिहा. मग उलगडून शेवटची ओळ 'डम्प कम्प्लिटेड' आहे का ते तपासा, आणि असेल तरच नाव बदला. '--कॉम्पॅक्ट' किंवा '--स्किप-कॉमेंट्स' वापरत असाल तर ती ओळ येत नाही, हे ध्यानात असू द्या. पुसणारी ओळ या तपासणीच्या नंतर ठेवा. नवा बॅकअप खरा ठरल्याशिवाय जुन्याला हात लागता कामा नये. या धाग्यातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला. पासवर्ड आज ना उद्या पुन्हा अडणारच, पण तेव्हा जुन्या फाइली जागेवर असल्या पाहिजेत.

डिचोलीकर · ११:३०

पुसणं बंद केलं. चांगल्या फाइली तीन मिळाल्या, दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या. 'होम' खरंच रिकामं होतं. पूर्ण पत्ता दिल्यावर टायमरमधून डम्प निघाला. आता प्रश्न असा की रूटचा पासवर्ड बॅकअपसाठी वापरणं बरोबर आहे का?

मांडवीकाठ · दुपारी १२:०५

नाही. बॅकअपला वाचायचे हक्क पुरतात. रूटचा पासवर्ड स्क्रिप्टच्या हाती दिला तर उद्या कुणी तो सुरक्षेसाठी बदलेल आणि बॅकअप पुन्हा मरेल. दोन कामांचा जीव एका पासवर्डमध्ये अडकवू नका.

बॅकअपची स्क्रिप्ट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर पासवर्डच नको. सॉकेटवरून ओळख पटवता येते: लिनक्सचा यूझर कोण हे कर्नल सांगतो आणि डेटाबेस ते मानतो.

१. लिनक्सचा एक सिस्टम यूझर बनवा, लॉगिन शेल नसलेला. नाव 'बॅकअप' ठेवू नका. डेबियन-उबुंटूत त्या नावाचा यूझर आधीच असतो, यूआयडी ३४. आपण 'डम्पर' म्हणू.

२. डेटाबेसमध्ये: 'क्रिएट यूझर डम्पर@लोकलहोस्ट आयडेंटिफाइड विथ ऑथ_सॉकेट'. उबुंटूच्या पॅकेजमध्ये हा प्लगइन चालू असतो. ओरॅकलच्या मूळ पॅकेजमध्ये तो आधी 'इन्स्टॉल प्लगइन' करावा लागतो. मारियाडीबीत (मायएसक्यूएलच्या भावंड डेटाबेसमध्ये) शब्द वेगळे: 'आयडेंटिफाइड व्हाया युनिक्स_सॉकेट'.

३. युनिटमध्ये 'यूझर=डम्पर' लिहा, आणि बॅकअपच्या फोल्डरची मालकी त्याच्याकडे द्या.

४. होस्ट 'लोकलहोस्ट' ठेवा, '१२७.०.०.१' नको. क्लायंटच्या लेखी पहिलं म्हणजे सॉकेट आणि दुसरं म्हणजे टीसीपी, नेटवर्कची वाट. टीसीपीवर सॉकेटची ओळख चालत नाही आणि पुन्हा 'ॲक्सेस डिनाइड' येतो.

हक्क द्या वाचनालयाच्या डेटाबेसपुरते: 'सिलेक्ट', 'शो व्ह्यू', 'ट्रिगर', 'इव्हेंट'. टेबलं सगळी इनोडीबी (मायएसक्यूएलचा आताचा नेहमीचा साठवण-प्रकार) असतील तर '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' वापरा, 'लॉक टेबल्स' लागत नाही. जुनी मायआयसॅम टेबलं असतील तर ती कुलूप लावल्याशिवाय सुसंगत निघणार नाहीत, मग तोही हक्क द्या. प्रोसिजर-फंक्शन हवी असतील तर ८.०.२० पासून 'शो_रूटीन' हा हक्क सर्व्हरच्या पातळीवर मिळतो.

'ट्रिगर' (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा आदेश) चा हक्क विसरू नका. तो नसला तर कसलीही चूक दिसत नाही, डम्प पूर्ण होतो, शेवटची ओळही येते, फक्त ट्रिगर त्यात नसतात. परत भरताना कळतं.

डिचोलीकर · २:२०

केलं. लॉगिन होतंय, पण आता नवीनच: 'ॲक्सेस डिनाइड, यू नीड प्रोसेस प्रिव्हिलेज... टेबलस्पेसेस'.

सत्तरीचा_पाऊस · २:२८

८.०.२१ आणि ५.७.३१ पासून हे आलंय. डम्प टेबलस्पेसची (डेटा डिस्कवर कुठल्या फाइलींत साठतो त्याची) माहिती विचारतो आणि त्यासाठी 'प्रोसेस' हक्क मागतो. तो हक्क दिला तर हा यूझर सर्व्हरवर चाललेल्या सगळ्यांच्या क्वेरी बघू शकेल. देऊ नका. '--नो-टेबलस्पेसेस' लावा. साध्या वाचनालयाच्या डेटाबेसला टेबलस्पेसची नोंद लागत नाही.

असाच आणखी एक: जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराला खूण-क्रमांक देण्याची सोय) चालू असलेल्या सर्व्हरवर ८.०.३२ पासून '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' सुद्धा 'रीलोड' किंवा 'फ्लश_टेबल्स' मागतो. तिथे 'फ्लश_टेबल्स' पुरेसा आहे. हे दोन्ही बदल छोट्या अपडेटमधून आले. आदल्या रात्री आपोआप अपडेट बसलं आणि सकाळी 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं तर पासवर्डच्या मागे लागण्याआधी आवृत्ती बघा.

१४४९ आला तर तो लॉगिनचा नव्हे. एखाद्या व्ह्यूचा (साठवून ठेवलेल्या क्वेरीचा) 'डिफायनर', म्हणजे कर्ता, म्हणून नोंदलेला यूझर पुसला गेलेला असतो, बहुतेक वेळा जुन्या सर्व्हरवरून आलेला. व्ह्यू नव्या डिफायनरने पुन्हा बनवा. '--फोर्स' लावून पुढे जाऊ नका, तो व्ह्यू डम्पमधून गळेल.

केरी_तेरेखोल · ४:१०

बॅकअप दुसऱ्या मशीनवरून काढणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पावसात वीज जाते, यूपीएस संपतो, सर्व्हर बसतो आणि पुन्हा उठतो. त्यानंतर बॅकअप नेमका लॉगिनवर अडतो, पासवर्ड बरोबर असूनही. हे योगायोगाने होत नाही.

मायएसक्यूएल ८.० मध्ये लॉगिन तपासणारा मूळ प्लगइन 'कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड' आहे. पहिल्या लॉगिनला तो पूर्ण तपासणी करतो आणि त्यासाठी सुरक्षित वाट मागतो: टीएलएस (कूटबद्ध जोडणी), सॉकेट, किंवा सर्व्हरची सार्वजनिक किल्ली. एकदा तपासणी पार पडली की पासवर्डचा हॅश मेमरीत (कॅशमध्ये) राहतो, आणि पुढची लॉगिनं टीएलएसशिवायही चालतात. सर्व्हर रीस्टार्ट झाला की ती मेमरी रिकामी होते. 'फ्लश प्रिव्हिलेजेस' केलं तरी होते.

आता कल्पना करा की स्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'एसएसएल-मोड=डिसेबल्ड' लिहून ठेवलंय. कुणी एकदा हाताने टीएलएसवर लॉगिन केलेलं असतं, कॅश भरलेली असते, आणि महिनोन्‌महिने सगळं चालतं. वीज जाते. परत आल्यावर: '२०६१, ऑथेंटिकेशन रिक्वायर्स सिक्युअर कनेक्शन'. माणूस पुन्हा हाताने लॉगिन करतो, कॅश भरते, बॅकअप चालू होतो, आणि सगळे समजतात की आपोआप बरं झालं. पुढच्या वादळापर्यंत.

इलाज: 'एसएसएल-मोड=रिक्वायर्ड' करा. ८.० स्वतःची प्रमाणपत्रं डेटा फोल्डरमध्ये आपोआप बनवतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. '--गेट-सर्व्हर-पब्लिक-की' नेही काम होतं, पण मध्ये बसून कुणी खोटी किल्ली दिली तर ते ओळखता येत नाही. टीएलएसच लावा.

विजेचीच दुसरी बाजू. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' असेल तर चुकलेला बॅकअप मशीन उठल्या-उठल्या सुटतो, तेव्हा डेटाबेस तयार नसतो आणि २००२ येतो, सॉकेट सापडत नाही म्हणून. तो लॉगिनचा दोष नाही. युनिटमध्ये 'आफ्टर=मायएसक्यूएल.सर्व्हिस' लिहा.

रात्रपाळी · ४:३५

केरींच्या मुद्द्याला जोडून: बॅकअप घेणाऱ्या मशीनवरचा क्लायंट कुणाचा ते बघा. डेबियनवर 'डीफॉल्ट-मायएसक्यूएल-क्लायंट' म्हणजे मारियाडीबीचा क्लायंट. अल्पाइनच्या कंटेनरमध्येही तोच येतो, आणि तिथे 'कॅशिंग_एसएचए२' चा प्लगइन 'मारियाडीबी-कनेक्टर-सी' या वेगळ्या पॅकेजात असतो. ते नसलं की 'प्लगइन कॅनॉट बी लोडेड'. यावर डेटाबेसचा यूझर जुन्या 'नेटिव्ह_पासवर्ड' वर न्यायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका. ८.४ मध्ये तो प्लगइन मुळात बंद असतो आणि ९.० मधून काढूनच टाकलाय. आज लावलेलं ठिगळ पुढच्या अपग्रेडला फाटेल.

पाटो_पूल · सायंकाळी ६:१५

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर हेच दुखणं असेल तर? क्रॉनमधला 'पीजी_डम्प' एका मशीनवर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणतो, दुसऱ्यावर नुसता लटकून राहतो.

मांडवीकाठ · रात्री ८:५०

दोन वेगळे आजार आहेत.

'पीअर' म्हणजे सॉकेटवरची ओळख: लिनक्सचा यूझर आणि डेटाबेसचा रोल (पोस्टग्रेसमधला यूझर) यांचं नाव एकच हवं. रूटच्या क्रॉनमधून '-यू लायब्ररी' म्हटलं तर ते जुळणार नाही. त्याच नावाच्या लिनक्स यूझरच्या क्रॉनमध्ये काम टाका, किंवा 'पीजी_आयडेंट.कॉन्फ' मध्ये जोडी लिहा. घाईत 'ट्रस्ट' करू नका. मग मशीनवरचा कुठलाही यूझर पासवर्डाशिवाय आत येतो.

'पीजी_एचबीए.कॉन्फ', म्हणजे कुणी कसं आत यायचं ते ठरवणारी फाइल, वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. ती नापास झाली तर पुढची बघितली जात नाही. म्हणून बॅकअपची खास ओळ सगळ्यांना लागू होणाऱ्या ओळीच्या वर हवी. बदलल्यावर रीलोड पुरतं. 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' हा व्ह्यू बघितला की कुठली ओळ चुकीची वाचली जातेय ते तिथेच दिसतं. 'पीजी_बेसबॅकअप' (अख्ख्या सर्व्हरची प्रत घेणारं साधन) वापरत असाल तर डेटाबेसच्या रकान्यात 'ऑल' लिहून भागत नाही, 'रेप्लिकेशन' ची स्वतंत्र ओळ लागते.

लटकणारा पासवर्ड विचारत बसलेला असण्याची शक्यता जास्त. नेहमी '-डब्ल्यू' लावा, छोटा. मग तो विचारत नाही, सरळ चूक देऊन बाहेर पडतो. मोठा 'डब्ल्यू' नेमका उलटा, पासवर्ड विचारायला भाग पाडतो.

पासवर्ड 'डॉट-पीजीपास' मध्ये, एका ओळीत: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, रोल, पासवर्ड, मध्ये कोलन. पासवर्डमध्येच कोलन किंवा उलटी तिरपी रेघ असेल तर तिच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या. परमिशन ०६०० पेक्षा सैल असेल तर फाइल दुर्लक्षित होते. होस्ट जुळला पाहिजे: आदेशात आयपी आणि फाइलमध्ये नाव असेल तर ती ओळ लागत नाही.

हक्कांसाठी पोस्टग्रेस १४ पासून 'पीजी_रीड_ऑल_डेटा' हा तयार रोल आहे, बॅकअपच्या रोलला तोच द्या. १४ पासून नवे पासवर्ड 'स्क्रॅम' पद्धतीने साठतात आणि १० च्या आधीची 'लिबपीक्यू' (क्लायंटची लायब्ररी) त्यांच्याशी बोलू शकत नाही. जुन्या बॅकअप मशीनवरून नव्या सर्व्हरचा डम्प घेताना हे आडवं येतं, पण तिथे क्लायंट नवा करणं तसंही भाग आहे. जुना 'पीजी_डम्प' पुढच्या मोठ्या आवृत्तीचा सर्व्हर दिसला की थांबतो.

सत्तरीचा_पाऊस · ९:२०

क्रॉन वापरणाऱ्यांनी '%' लक्षात ठेवावा. क्रॉनटॅबच्या ओळीत '%' म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालताना किंवा पासवर्डमध्ये तो आला की आदेश तिथेच तुटतो. आधी उलटी तिरपी रेघ द्या. खरं तर क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता असावा.

पाटो_पूल · ९:३१

मायएसक्यूएलचा पासवर्ड साध्या फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा 'कॉन्फिग_एडिटर' ने 'मायलॉगिन.सीएनएफ' बनवणं सुरक्षित नाही का?

रात्रपाळी · ९:४८

थोडंसंच. ती फाइल कूटबद्ध नाही, नुसती झाकलेली आहे. जिच्या हाती लागेल ती व्यक्ती ती उलगडू शकते. मागून बघणाऱ्याच्या नजरेपासून वाचवते एवढंच. तीही 'होम' वरूनच शोधली जाते, म्हणजे या धाग्याचा मूळ आजार तिलाही आहे. आदेशात '-पी' ला चिकटवून पासवर्ड देणं सर्वांत वाईट, प्रोसेसच्या यादीत क्षणभर का होईना दिसतो. 'मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी' व्हेरिएबलही टाळा. सॉकेट शक्य असेल तिथे सॉकेट, नाहीतर ६०० ची फाइल आणि फक्त वाचायचे हक्क असलेला यूझर.

डिचोलीकर · मंगळवार, सकाळी ८:१०

रात्रीचा डम्प 'डम्पर' यूझरने, सॉकेटवरून, पासवर्डाशिवाय निघाला. ३१० एमबी, शेवटची ओळ जागेवर. मग मुद्दाम यूझरला 'अकाउंट लॉक' करून टायमर चालवला: सर्व्हिस लाल झाली, 'ऑनफेल्युअर=' मधून मेल आला, '.पार्ट' फाइल तशीच पडली आणि जुन्या फाइली जागेवर राहिल्या. कुलूप काढलं.

वेगळ्या मशीनवर डम्प भरून बघितला. टेबलं, ट्रिगर सगळं आलं. पण वाचनालयाचं सॉफ्टवेअर तिथे जोडलं तर पुन्हा १०४५, या वेळी 'येस'.

केरी_तेरेखोल · ८:३५

एका डेटाबेसच्या डम्पमध्ये यूझर आणि त्यांचे हक्क नसतात, ते 'मायएसक्यूएल' नावाच्या सिस्टम डेटाबेसमध्ये राहतात. नव्या मशीनवर सॉफ्टवेअरचा यूझर अजून जन्मलेलाच नाही. जुन्या सर्व्हरवर रूटने त्या यूझरसाठी 'शो क्रिएट यूझर' आणि 'शो ग्रांट्स' चालवा आणि निघालेलं एसक्यूएल डम्पशेजारी ठेवा. त्याआधी त्याच सेशनमध्ये 'प्रिंट_आयडेंटिफाइड_विथ_ॲज_हेक्स' चालू करा, ८.०.१७ पासून आहे. 'कॅशिंग_एसएचए२' च्या हॅशमध्ये न छापता येणारी अक्षरं असतात, हेक्सशिवाय कॉपी केली तर हॅश बिघडतो आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

त्या फाइलला आणि डम्पलाही ६०० परमिशन. स्क्रिप्टच्या वर 'यूमास्क ०७७' लिहिलं की वेगळं करावं लागत नाही. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्यात आहेत.

डिचोलीकर · ९:०५

हेक्स चालू करून यूझर नव्या मशीनवर बनवला, हक्क दिले. सॉफ्टवेअर उघडलं, कालची देवघेव दिसतेय. यूमास्क लावला.